औषधाला दाद न देणारी दाद

मंडळी, आजचा विषय चारचौघांत बोलायचा नाही, असं माझ्या घरच्यांचं ठाम मत आहे. विषय ऐकल्यावर बायको म्हणाली, "रेडिओपर ऐसी बातां बोलते क्या?" तिचंही खरं आहे. कवी माणसानं पावसावर बोलावं, फार तर मिलच्या भोंग्यावर बोलावं. मी बोलणार आहे गजकर्णावर. मांडीच्या सांध्यात, काखेत, कमरेला नाडी बांधतो तिथे उठणाऱ्या त्या गोल, लालसर, खाजऱ्या चट्ट्यांवर आणि त्यांच्या औषधांवर. कुणी कुणाशी बोललं नाही म्हणूनच हे दुखणं माझ्या घरात तीन वर्षं मुक्कामाला राहिलं.

सोलापूरच्या भवानी पेठेत मी वाढलो. रूपाभवानीचं देऊळ, घोंगडे वस्ती, यंत्रमागांची खडखड, आणि एकाच बोळात चार भाषा. त्यामुळे या आजाराची चार नावं मला लहानपणीच पाठ होती. मराठीत गजकर्ण किंवा नायटा. कानडी बोलणारी शेजारीण हुळकड्डी म्हणायची. पद्मशाली विणकरांच्या घरात तेलुगूत तामर. आणि आमच्या दखनीत दाद. आता गंमत पाहा. गजकर्ण म्हणजे हत्तीचा कान. शब्द ऐकताच पसरट चट्टा डोळ्यांपुढे येतो. तेलुगूत तामर म्हणजे कमळसुद्धा. एवढ्या ओंगळ दुखण्याला कमळाचं नाव! आणि दाद? शेर जमला की मुशायऱ्यात मिळते तीही दादच. पण मराठीनं या शब्दाला आणखी एक अर्थ दिलाय. रोग औषधाला 'दाद देत नाही' असं आपण म्हणतो. गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या देशात गजकर्णाचं नेमकं हेच झालंय, आणि ते कसं झालं हा खरा इतिहासाचा विषय आहे.

माझे अब्बा मिलमध्ये होते. सूत कोरडं पडलं की तुटतं, म्हणून मिलच्या खात्यातली हवा मुद्दाम दमट ठेवत. बाहेर सोलापूरचा उन्हाळा, आत ती वाफ. आठ तास अंगाला चिकटलेलं बनियन. अशा ठिकाणी गजकर्ण न होणाराच विरळा. रातपाळीहून आले की अब्बा कपाटातून काचेची बाटली काढायचे. सपट लोशन, बी-टेक्स ही नावं त्या काळी भिंतीभिंतींवर रंगवलेली असत, आणि बाजारात बिनानावाची लोशनंही मिळत. बाटली कुठलीही असो, कापसाच्या बोळ्यानं लावून अब्बा दात आवळून पंख्याखाली उभे राहायचे. डोळ्यांत पाणी यायचं, पण म्हणायचे, "जळतंय म्हणजे लागू पडतंय." चार दिवसांनी तिथली कातडी पापुद्र्यासारखी निघायची. खाज थांबायची. महिन्याभरानं चट्टा शेजारी उगवायचा.

हे जळणारं औषध पूर्ण खोटं नव्हतं. गजकर्ण हा रक्त बिघडल्यानं होत नाही, ती कातडीवर वाढणारी बुरशी आहे. १८४० च्या दशकात पॅरिसमध्ये डेव्हिड ग्रुबी या डॉक्टरनं सूक्ष्मदर्शकाखाली ते दाखवून दिलं होतं. ही बुरशी केरॅटिन खाते. कातडीचा वरचा मेलेला थर, केस, नखं ज्या द्रव्याची बनतात ते केरॅटिन. तो थरच सोलून काढला की बुरशीचं अन्न जातं आणि तीही थोडीफार जाते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या आर्थर व्हिटफिल्डनं सॅलिसिलिक आणि बेंझोइक आम्लाचं मलम केलं, ते याच तत्त्वावर. व्हिटफिल्डचं मलम म्हणून सरकारी दवाखान्यांत ते पुढे कित्येक वर्षं डबीत घालून देत. स्वस्त होतं, कामाचंही होतं. फक्त नाजूक जागी लावलं की माणूस नाचत असे.

पण त्याच्याही आधीची गोष्ट आपल्या किनाऱ्यावरची आहे, आणि ती फारशी कुणाला ठाऊक नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजारात 'गोवा पावडर' नावाची पिवळट तपकिरी पूड विकली जायची. गजकर्णावर रामबाण. गोव्याहून येते म्हणून गोव्याची. पण ती कुठल्या झाडाची, कशाची, हे कुणाला सांगता येत नव्हतं. १८६४ साली मुंबईच्या केम्प नावाच्या औषध विक्रेत्यानं लंडनच्या औषधशास्त्राच्या नियतकालिकात तिच्याबद्दल लिहिलं. आज मुंबईत आपण केम्प्स कॉर्नर म्हणतो, ते नाव केम्पच्याच औषधपेढीवरून पडलंय. पुढे १८७५ साली ब्राझीलमधल्या बाहियाच्या दा सिल्वा लिमा या डॉक्टरनं कोडं उलगडलं. ही पूड आमच्या अरारोबा झाडाची हो, असं त्यांनी दाखवलं. झाडाच्या खोडातल्या भेगांत ती साठते. गोवा आणि ब्राझील, दोन्हीकडे पोर्तुगीज. त्यांच्या जहाजांतून ती अर्ध्या जगाचा वळसा घेऊन गोव्यात उतरली, आणि गोव्याचं नाव लावून मुंबईत आली. माणसांचं जे होतं तेच औषधाचंही झालं म्हणायचं.

या पुडीतलं मुख्य द्रव्य क्रायसॅरोबिन. त्याचं जवळचं भावंड आपल्या टाकळ्यात आहे. टाकळा म्हणजे पावसाळ्यात रस्त्याकडेला उगवतो तो. काही भागांत त्याला तरोटा म्हणतात. श्रावणात त्याची कोवळी भाजी करतात. संस्कृतात त्याचं एक नाव दद्रुघ्न, म्हणजे दद्रूचा नाश करणारा. दद्रू म्हणजेच आपली दाद. त्याचं बी वाटून गजकर्णाला लावायची रीत जुनी. म्हणजे ब्राझीलहून जे येत होतं त्याच्या घराण्यातलं औषध भवानी पेठेच्या ओढ्याकाठी फुकट उगवत होतं! पण म्हणून आज उठून टाकळा वाटू नका. गोवा पावडर लावली की कातडी पोळायची, कपड्यांना न जाणारे जांभळट डाग पडायचे, आणि बोट चुकून डोळ्याला लागलं तर डोळा सुजून बंद व्हायचा. जुन्या काळी दुसरं काही नव्हतं म्हणून लोकांनी ते सोसलं.

सोसण्यावरून आठवलं. लहान मुलांच्या डोक्यात गजकर्ण व्हायचं त्यावर विसाव्या शतकाच्या आरंभापासून क्ष-किरण देत असत. केस झडावेत आणि केसांबरोबर बुरशी जावी, हा हेतू. इस्रायलमध्ये १९४८ नंतरच्या वर्षांत बाहेरून येऊन वसलेल्या कुटुंबांतल्या हजारो मुलांच्या डोक्यांवर असे किरण सोडले. गजकर्ण गेलं, पण त्यांतल्या अनेकांना मोठेपणी डोक्यात गाठी, कर्करोग झाले. १९९४ साली तिथल्या सरकारला भरपाईचा कायदा करावा लागला. साध्या गजकर्णापायी!

आता खऱ्या औषधांकडे येऊ. १९३९ साली लंडनमध्ये एका बुरशीपासूनच ग्रिसिओफुल्विन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं होतं, पण वीसेक वर्षं त्याचा माणसासाठी काही उपयोग कुणाच्या ध्यानात आला नाही. १९५८ साली ग्लासगोच्या जेंटल्स यांनी गजकर्ण झालेल्या गिनीपिगना ते पोटातून दिलं आणि चट्टे गेले. गजकर्णावर पोटातून घ्यायची ही पहिली गोळी. जुन्या डॉक्टरांनी ती देताना "तुपकट जेवणानंतर घ्या" असं सांगितलेलं अनेकांना आठवत असेल. त्यात कारण होतं. स्निग्ध पदार्थांबरोबर ती अंगी लागते. ती बुरशीला तिथल्या तिथे मारत नाही. नव्यानं तयार होणाऱ्या केरॅटिनमध्ये जाऊन बसते आणि बुरशीची वाढ रोखते. जुना थर झडून जाईपर्यंत वाट पाहावी लागते. हे ज्याला समजलं त्याला बुरशीचं औषध इतके दिवस का घ्यायचं तेही समजलं. मला ते समजायला पन्नाशी उलटावी लागली.

याच सुमारास आपल्या पिंपरीत एक मोठी गोष्ट घडली. स्वतंत्र भारताच्या सरकारनं १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी काढली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत होती. दुसऱ्या वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. पिंपरीतले लोक तिला नुसतं 'एचए' म्हणतात. एका कविसंमेलनाला गेलो होतो तेव्हा रिक्षावाल्यानं "एचएच्या पुढं सोडू का?" म्हणून विचारलं, तेव्हापासून हे नाव माझ्या कानात बसलंय. या कारखान्यात नुसतं परदेशी औषध बनवायचं नाही, आपलं काही शोधायचं, असं मानणारी माणसं होती. एम. जे. तिरुमलाचार हे बुरशीशास्त्रज्ञ त्यांत पुढे होते. मातीतल्या सूक्ष्मजीवांत ते औषधं शोधत. त्यांना असा एक जीव सापडला की जो बुरशीला मारणारं द्रव्य तयार करतो. त्याचं नाव त्यांनी ठेवलं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पिंपरीची पिंप्रिना! आणि १९६१ साली त्यापासून मिळालेलं औषध जाहीर झालं, ते हॅमायसिन.

अमेरिकेत दोन बायकांनी, एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन यांनी, १९५० साली व्हर्जिनियातल्या एका शेताच्या मातीतून निस्टॅटिन शोधलं होतं. न्यूयॉर्क राज्याच्या नावावरून निस्टॅटिन. आमचं हॅमायसिन त्याच कुळातलं. त्याचा मुख्य उपयोग गजकर्णापेक्षा कॅन्डिडा नावाच्या यीस्टवर होता. तान्ह्या बाळाच्या जिभेवर दह्यासारखा पांढरा थर बसतो तो याच यीस्टचा. बायकांच्या अंगावरून दह्याच्या चोथ्यासारखं पांढरं जातं आणि जीव नकोसा करणारी खाज सुटते, तेव्हाही पुष्कळदा हीच असते. त्याआधी यावर जेन्शियन व्हायोलेट लावायचे, बाळाचं तोंड जांभळं आणि आईचे कपडेही जांभळे. हॅमायसिननं ते डाग संपवले. अमेरिकेतही १९६० च्या दशकात त्याच्या चाचण्या झाल्या. पोटातून किंवा शिरेतून देण्याच्या कामी ते टिकलं नाही, पण तोंडात लावायला आणि बायकांच्या त्या दुखण्यावर डॉक्टरांनी ते कितीतरी वर्षं वापरलं. पिकांवरच्या बुरशीसाठीही त्याच कारखान्यानं ऑरिओफंजिन काढलं. आमच्या शाळेच्या पुस्तकात फ्लेमिंग होता. पिंप्रिना नव्हती.

बायकांच्या या दुखण्याबद्दल थोडं थांबून बोलतो, कारण यात दवाखान्यात जायला सर्वांत उशीर होतो. माझी अम्मी कितीतरी महिने गप्प राहिली. खाज आहे हे तिनं फक्त मोठ्या बहिणीला सांगितलं, आणि बहिणीनं शेजारणीची कॅप्सूल आणून दिली. बरं वाटलं, पुन्हा झालं, पुन्हा कॅप्सूल. शेवटी डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं तर साखर तीनशेच्या वर. साखर जास्त असली की यीस्ट फोफावतं. महिनोन्महिने आम्ही यीस्टला मारत होतो आणि त्याला खायला घालत होतो. अंगावरून जाणारं प्रत्येक पांढरं पाणी यीस्टचंच असतं असंही नाही. इतर जंतूंचंही असतं, त्याचं औषध निराळं. आणि ती कॅप्सूल, फ्लुकोनॅझोल, गरोदर बाईनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्यांचा जोर तिच्यामुळे वाढतो आणि साखर एकदम खाली जाते. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचाही वाढतो. अम्मीला एकदा भर दुपारी घाम फुटून चक्कर आली होती. तेव्हा आम्ही उन्हाला दोष दिला.

१९७० च्या आसपास क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल ही मलमं निघाली. न जळणारी, न डागाळणारी. अब्बांना ती कधी पटली नाहीत. जळत नाही तर काय लागू पडणार, म्हणायचे. पुढे केटोकोनॅझोलच्या गोळ्या, मग फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोल, टर्बिनाफिन. १९९० च्या दशकात गजकर्ण म्हणजे दोन-चार आठवड्यांचं काम झालं होतं. कातडीच्या डॉक्टरांना त्यात विशेष रस उरला नव्हता. इथपर्यंतचा इतिहास विजयाचा आहे. इथून पुढे आम्ही तो उधळला. त्या 'आम्ही'त मी आहे.

२०१५ च्या पावसाळ्यात माझ्या कमरेला नाडीखाली चट्टा उठला. रात्री झोप येईना. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेलो, हळूच सांगितलं. त्यानं एक ट्यूब काढून दिली. "चाचा, दो दिन में साफ." खरोखर दोन दिवसांत साफ! लाली गेली, खाज गेली. पाचव्या दिवशी लावायचं सोडलं, दहाव्या दिवशी दुप्पट परत आलं. पुन्हा ट्यूब. असं करत मांड्या, पाठ, पोट. त्या ट्यूबमध्ये काय होतं? एक बुरशीचं औषध, एक-दोन जंतूंची औषधं, आणि क्लोबेटासोल. क्लोबेटासोल हे स्टिरॉइड, आणि तेही अतिशय तीव्र. स्टिरॉइड काय करतं, तर बुरशीशी झगडणाऱ्या शरीराला गप्प बसवतं. लाली आणि खाज ही त्या झगड्याची खूण. झगडा थांबला की खाज थांबते, आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. कडा पुसट होतात, चट्टा ओळखू येईनासा होतो. १९६८ साली आइव्ह आणि मार्क्स या दोन ब्रिटिश डॉक्टरांनी या प्रकाराला 'टिनिया इन्कॉग्निटो' म्हटलं होतं, म्हणजे वेषांतर केलेलं गजकर्ण. म्हणजे पन्नास वर्षं आधी कुणीतरी धोक्याची घंटा वाजवून ठेवली होती.

मी एकटा असतो तरी ठीक. सोलापूर सगळ्या देशाला टॉवेल पुरवतं, पण आमच्या घरात सहा माणसांत मिळून दोन टॉवेल. आधी बायकोला झालं, मग मुलाला. २०१७ साली सून गरोदर असताना तिच्या पोटावर चट्टा उठला. कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आता गोळी देता येणार नाही, फक्त वरून लावायचं मलम, आणि बाळंत होईपर्यंत कळ काढायची. सहा महिने ती पोर रात्री उठून पंख्याखाली बसायची. माझे अब्बा उभे राहायचे तशीच. मला तिच्या तोंडाकडे बघवत नसे.

बाईंनी सांगितलं, घरातल्या सगळ्या ट्यूब घेऊन या. आम्ही कपाटं, उशांखालच्या जागा धुंडाळल्या. अकरा ट्यूब निघाल्या. बाईंनी त्या टेबलावर ओळीनं मांडल्या आणि मला भिंग दिलं. "तुम्ही कवी ना? वाचा नावं." वाचली. क्लोट्रिमॅझोल. क्लोबेटासोल. दोघांचा काफिया जुळतो, स्वभाव उलटा. एक बुरशीला मारतं, दुसरं तिला पोसतं. बेटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, ही सगळी स्टिरॉइडं. अकरांपैकी आठ ट्यूबमध्ये यांतलं काही ना काही होतं. स्टिरॉइड वाईट नाही. इसबासारख्या दुखण्यात डॉक्टर ते नीट मोजून देतात. बुरशीवर ते लावायचं नाही. माझ्या मांड्यांच्या आतल्या बाजूला आज पांढरट, चिरल्यासारखे पट्टे आहेत. स्टिरॉइडनं कातडी पातळ होऊन फाटली, ते आता जाणार नाहीत.

ही फक्त माझी मूर्खपणाची गोष्ट असती तर रेडिओचा वेळ घेतला नसता. देशभर हेच चाललं होतं. अशी मलमं चिठ्ठीशिवाय सहज मिळत होती. कातडीच्या डॉक्टरांच्या संघटनेनं पाठपुरावा केला तेव्हा मार्च २०१८ मध्ये सरकारनं चौदा स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असं ठरवलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली, त्यांत एका ट्यूबमध्ये चार-पाच औषधं कोंबलेली काही मलमंही होती. पण तोवर बुरशी शिकली होती. २०२० साली जपानमधल्या संशोधकांनी भारतीय आणि नेपाळी रुग्णांपासून मिळालेल्या एका बुरशीला नवं नाव दिलं: ट्रायकोफायटन इंडोटिनी. नावातच 'इंडो'. हिचे पुष्कळसे वाण टर्बिनाफिनला दाद देत नाहीत. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये अमेरिकेतले पहिले दोन रुग्ण नोंदले गेले, तेव्हा तिकडच्या वर्तमानपत्रांतही हे नाव झळकलं. एके काळी ब्राझीलचं औषध गोव्याचं नाव लावून जगभर गेलं होतं. आता ही बुरशी आपलं नाव लावून हिंडते आहे.

स्टिरॉइड आणि बुरशी ही जोडी २०२१ साली आणखी भयंकर रूपात दिसली. करोनातून उठलेल्या, साखर वाढलेल्या, स्टिरॉइड घेतलेल्या माणसांना म्युकरमायकोसिस झाला. महाराष्ट्रात कितीतरी जणांचे डोळे गेले, जबडे गेले. ती बुरशी वेगळी, गजकर्णाशी तिचा संबंध नाही. पण त्या दिवसांत लोक ज्या अ‍ॅम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी गावोगाव वणवण फिरत होते, ते औषध पिंपरीच्या हॅमायसिनच्याच कुळातलं.

बाईंनी आम्हाला कसं बरं केलं तेही सांगतो, कारण त्यात चमत्कार काही नव्हता. आधी चट्ट्याच्या कडेचा पापुद्रा खरवडून पोटॅशच्या द्रावात घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. बुरशी आहे याची खात्री. मग नुसतं बुरशीचं मलम, चट्ट्यावर आणि त्याच्या बाहेर दोन बोटं रुंद. चट्टा दिसेनासा झाला तरी आणखी दोन आठवडे. कारण डोळ्यांना कातडी साफ दिसते तेव्हाही वरच्या थरात बुरशी शिल्लक असते, आणि तो थर बदलायला महिनाभर लागतो. मला गोळ्याही दिल्या, इट्राकोनॅझोल. त्याआधी बाईंनी मला अर्धा तास प्रश्न विचारले. हृदयाचा काही त्रास? यकृताचा? कावीळ झाली होती का? कोलेस्टेरॉलची कुठली गोळी? मी म्हटलं, "बाई, खाज कमरेला आहे, हृदयाचं काय विचारता?" त्या म्हणाल्या, हृदय कमकुवत असेल तर ही गोळी देत नाहीत, कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी हिचं पटत नाही, यकृताला इजा होऊ शकते. केटोकोनॅझोलच्या गोळ्यांमुळे यकृत बिघडल्याच्या घटना इतक्या झाल्या की २०१३ साली युरोपात गजकर्णासारख्या दुखण्यांसाठी त्या थांबवल्या, आणि अमेरिकेतही त्यांच्यावर कडक बंधनं आली. तेव्हा गोळी चालू असताना भूक मेली, मळमळ सुटली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे झाले तर गोळी बंद करून त्याच दिवशी या, असं बजावलं. इट्राकोनॅझोलची कॅप्सूल जेवणाबरोबर, आणि आम्लपित्ताच्या गोळीबरोबर नाही. पोटात आम्ल नसेल तर ती अंगी लागत नाही. मी सवयीनं रोज सकाळी पित्ताची गोळी घेत होतो. ती सोडवण्यात आठवडा गेला.

पायांचंही विचारलं. माझ्या पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होत्या. पावसाळ्यात असतातच म्हणून मी कधी लक्ष दिलं नव्हतं. पाच वेळा वजू करायचा, पाय ओलेच चपलेत घालायचे. बाई म्हणाल्या, "धुण्यात चूक नाही, पुसण्यात आहे." बेचक्या कोरड्या करायला तेव्हापासून खिशात जुन्या मलमलीचा तुकडा ठेवतो. मशिदीत एक-दोघांनी विचारलं, त्यांनाही सांगितलं. आता आमच्या ओळीत तिघांच्या खिशात तुकडे आहेत.

घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी उपचार, हे सर्वांत अवघड गेलं. मुलगा म्हणे मला काही नाही. त्याच्या गुडघ्यामागे होतं. मला बरं व्हायला चार महिने लागले. पहिले पंधरा दिवस खाज जराही कमी झाली नाही, उलट ट्यूब सोडल्यामुळे वाढली. त्या पंधरा दिवसांत दोनदा मी कोपऱ्यावरच्या मेडिकलच्या पायरीपर्यंत गेलो आणि परत आलो. सुनेला बाळंतपणानंतर, अंगावर पाजत असतानाही चालेल असं पाहून औषध दिलं. नातवाच्या गालावर एक चट्टा उठला होता, तो वरच्या मलमानंच गेला.

ईदच्या खरेदीला त्या वर्षी मी टॉवेलच्या दुकानात गेलो. मालक ओळखीचे, पद्मशाली. सात टॉवेल मागितले तेव्हा हसून म्हणाले, "काय कवी, लग्नाचं आंदण का?" मी खरं कारण सांगितलं. ते क्षणभर गप्प राहिले, मग गल्ल्यामागून उठून बाहेर आले आणि हळूच म्हणाले, "त्या बाईंचा दवाखाना नेमका कुठं म्हणालात?" आमच्या घरच्या सात टॉवेलांना बायकोनं सात रंगांचे दोरे शिवलेत. माझा हिरवा. गच्चीवर दोरीला ते एकमेकांना न लागता वाळत असतात.